समोरची खुर्ची

‘एकटेच ना? मग यांच्यासमोर बसा,’ असं म्हणून मॅनेजर अनोळखी माणसाला टेबलाशी आणतो आणि मुकाट डोसा खाणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. उडुपी हॉटेलातली ही आठी अलीकडे बोलू लागली आहे. पैसे मोजायचे, तर निदान टेबल तरी आपलं नको का?

तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. समोरचा फोनवर मोठ्याने बोलत सांबारात इडली कुस्करतो, शेवटचा घास तोंडात असतानाच फडकं फिरतं, आणि बिलाबरोबर बडीशेप येते ती ‘आता उठा’ असं सांगायलाच.

पण अशा हॉटेलात गिऱ्हाईक ताट विकत घेतं, जागा नव्हे. माटुंगा स्टेशनजवळच्या रामा नायकांच्या १९४२ सालच्या हॉटेलाचं मूळ नावच ‘श्रीकृष्ण बोर्डिंग’. जेवा आणि दुसऱ्याला जागा करून द्या, हा बोर्डिंगचा रिवाज. मुंबईतल्या जागेचे भाव वाचकाला सांगायला नकोत. एकेका माणसाने चार खुर्च्या अडवल्या तर राइस प्लेट त्या दरात मिळणार नाही.

इथवरची बाजू मालकाच्या गल्ल्याची झाली. तक्रारदार मात्र आणखी एक वाक्य टाकतात: पूर्वी असं कुणालाही कुणाच्या समोर बसवत नसत. अगदी खरं. पूर्वी बसवतच नसत! पंगत जात बघून बसे. म्हणून तर सावरकरांना १९३३ साली रत्नागिरीत सर्व जातींना खुलं असलेलं उपाहारगृह मुद्दाम काढावं लागलं, आणि अनंत हरी गद्र्यांना झुणका-भाकरीची सहभोजनं घडवून आणावी लागली. तिकडे मद्रासमध्ये तर स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी, १९५७ साली, हॉटेलच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द पुसला जावा म्हणून पेरियारांच्या अनुयायांना निदर्शनं करावी लागली.

गल्ल्यावरच्या मालकाला सुधारणा-बिधारणा करायची नसते. त्याला रिकामी खुर्ची बघवत नाही, एवढंच. पण दुपारी एकच्या गर्दीत आडनाव विचारायला त्याला फुरसत नसते, आणि ज्यांचे आजोबा एका पंगतीला बसले नसते ती दोन माणसं चटणीची वाटी एकमेकांकडे सरकवतात. सुधारकांना सभा भरवून जे करावं लागलं, ते इथे भाड्याच्या हिशेबाने रोज होतं.

म्हणून जात गेली असं मात्र कुणी समजू नये. दारावरची ‘प्युअर व्हेज’ ही पाटी कित्येकांना आवडते ती नुसत्या भाजीसाठी नाही. मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या त्याच शब्दांवर चालतात. टेबलावरची सरमिसळ त्या पाटीच्या आतली आहे, आणि ती हात धुवून झाल्यावर किती उरते हा प्रश्न आहेच. तरी जेवढी आहे तेवढी मोडू नये.

ज्यांना एकट्यानेच जेवायचं आहे त्यांनी खुशाल शेजारच्या एसीत बसावं. डोसा त्याच भट्टीवरून येतो, बिल तेवढं जास्त होतं.