कुत्र्याचे कान आणि चित्रातला घोडा

मोबाइलच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याला कुत्र्याचे कान आणि लोंबती जीभ लावून घेणं हा सत्याचा द्रोह आहे का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो खरा. पण फिल्टर, अ‍ॅप, चिमट्याने अडकवायच्या लेन्स या सगळ्या हौसेवरचा आक्षेप शेवटी इथेच येऊन ठेपतो: फोटो म्हणजे पुरावा, आणि हा सगळा खोटेपणा. मला उलट वाटतं. उघड उघड खेळणारं अ‍ॅप निर्दोष आहे. संशय घ्यायचाच तर काहीही न लावलेल्या, ‘साध्या’ कॅमेऱ्याचा घ्यावा.

उघड खेळ आणि खोटेपणा यांतला फरक काश्मीरच्या श्रीशंकुक या नाट्यशास्त्राच्या जुन्या टीकाकाराने दाखवला होता. त्याचा ग्रंथ आज हाती नाही. त्याचं मत आपल्याला कळतं ते प्रामुख्याने अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरच्या टीकेमुळे, आणि अभिनवगुप्ताने ते मांडलंय तेही खोडण्यासाठी. नट राम होऊन रंगमंचावर येतो तेव्हा प्रेक्षकाला होणारी प्रतीती खरी नसते, खोटी नसते, संशयाची नसते आणि ‘हा रामासारखा दिसतो’ अशीही नसते, असं शंकुक म्हणतो. चित्रातला घोडा बघून आपण बेधडक ‘घोडा’ म्हणतो, पण त्याला हरभरे घालायला कुणी उठत नाही. नाटकातला रस कसा निर्माण होतो याची उपपत्ती म्हणून हे अपुरं असेल. पण कुत्र्याच्या कानांना ते चपखल बसतं. इथे फसवणारा नाही आणि फसणाराही नाही. चिमट्याच्या मॅक्रो लेन्सचं तर आणखी गंमतशीर आहे. मिठाच्या चिमटीवर फोन धरायचा, श्वास रोखून तो केसभर मागेपुढे करायचा, आणि अचानक पांढऱ्या भुकटीच्या जागी कोपरे झिजलेले चौकोनी ठोकळे दिसतात. हे खेळणं तर डोळ्यांपेक्षा जास्त खरं दाखवतं.

आता साधा कॅमेरा. आपण एकदाच बटण दाबतो, पण आजचा फोन बहुतेक वेळा अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी मुख्यतः गणिताने रंगवलेली असते. २०२३ साली एकाने चंद्राचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने त्यात नसलेले बारकावे भरून दिले. चंद्र ओळखून तपशील वाढवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतो, असं कंपनीनेच सांगितलं. चंद्राचं काय, तो तक्रार करणार नाही. पण काही फोनमध्ये सेल्फी काढताना त्वचा आपोआप गुळगुळीत आणि उजळ होते, तेव्हा घोडा चित्रातला आहे हे पाहणाऱ्याला, कधी कधी काढणाऱ्यालाही, ठाऊक नसतं.

यावर कुणी म्हणेल, हे जुन्या स्टुडिओतही होतंच. होतं, आणि दोन्ही प्रकारचं होतं. मागे रंगवलेला ताजमहाल लावून जोडपी उभी राहायची. ती आग्र्याला जाऊन आली असं कुणाला वाटत नसे. त्याच स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवल्या जात, त्याचा मात्र गाजावाजा नसे. म्हणजे दोष यंत्राच्या नवेपणात नाही, लपवण्यात आहे. वेदान्ताचा आधार घेणारा दुसरा आक्षेपक विचारेल की जगच मिथ्या, तर एका फोटोची एवढी चिकित्सा कशाला? पण शंकराचार्यांनीही व्यवहाराची पातळी मोडीत काढलेली नाही. दोरीवर दिसलेला साप आणि अंगणातला साप यांत ते फरक करतातच. माया म्हणून हात झटकणं ही पळवाट झाली.

खरा अवघड आक्षेप तिसरा: खेळ खेळ म्हणून सुरू होतो, पण फोटो फॉरवर्ड होत राहतो आणि ‘हा खेळ आहे’ ही खूण वाटेत गळून पडते. हे मान्य करावं लागतं. मात्र कुत्र्याचे कान दहाव्या फोनवर पोचले तरी कानच राहतात, त्यांची खूण त्यांच्यातच असते. गळते ती चोरट्या उजळपणाची खूण, कारण ती मुळात नव्हतीच. त्वचा किंवा अंगाचा आकार बदलला असेल तर जाहिरातीवर तसं लिहावं, असा कायदा नॉर्वेने २०२१ साली केला. तो जाहिरातींपुरता आहे. आपल्याकडे स्थळासाठी पाठवलेल्या बायोडेटावर ‘वर्ण: गोरा’ असं अजून लिहिलं जातं आणि सोबतचा फोटो त्याला दुजोरा देतो. तिथे कुणी कायदा करणार नाही, आणि कुत्र्याचे कान लावून फोटो पाठवायची तर कुणाची हिंमतही नाही.