पाणवठ्यावरचा डोळा

आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा नामिबियात संध्याकाळचे सहा झालेले असतात. नामिबच्या वाळवंटात माणसानं बांधलेल्या एका पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला आहे आणि त्याचं चित्र यूट्यूबवर रात्रंदिवस चालू असतं. निवेदक नाही, संगीत नाही. जे येईल ते दिसतं.

बराच वेळ काहीच येत नाही. वाळू, वारा, पाण्यावर उठणारी शिरशिरी. ही रिकामी मिनिटंच मला या सफारीत सर्वांत खरी वाटतात. माहितीपट वाट पाहणं कापून टाकतात. जंगल तर बहुतेक वेळ वाट पाहायलाच लावतं.

मग गेम्सबॉक, तिथला मोठा कुरंग, येतो. लांब सरळसोट शिंगं, तोंडावर काळेपांढरे पट्टे. पाण्याच्या अलीकडे थबकतो, कान फिरवतो, पुन्हा थबकतो. मगच मान खाली घालतो. भूक आडोशाला भागवता येते. तहानेला उघड्यावर यावंच लागतं.

अंधार पडला की चित्र कृष्णधवल होतं. कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहू लागतो आणि पिणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

जंगलात पाहणं दोन्ही बाजूंनी चालतं. आपल्याला वाघ दिसायच्या आधी त्यानं आपल्याला पाहिलेलं असतं. पडद्यासमोर ती धास्ती नाही, वास नाही, पाठीमागची सळसळ नाही. हे उणेपण मोठं आहे, ते झाकू नये. पण हे उणेपण आपलं आहे, जनावराचं नाही.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री जनावरं पाहायला विदर्भातल्या जंगलांत मचाणांवर बसणाऱ्यांना हे ठाऊक असतं: खोकला दाबायचा, बॅटरी लावायची नाही. आपण तिथे आहोत हे जनावराला कळू न देणं, ही पाहणाऱ्याची सभ्यता. 2024 संपता संपता उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कॅमेऱ्याला कुणाची वाट अडवता येत नाही.

तरी एका ठिकाणी मी अडतो. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरचा गाईड, जिप्सी चालवणारा गावातला मुलगा, यांची चूल माझ्या घरबसल्या पाहण्यानं पेटत नाही. आणि जंगल टिकावं असं त्यांना वाटणं, हे जंगलाला माझ्या कौतुकापेक्षा फार जास्त लागतं. म्हणून ताडोब्याला जायचंच. फक्त जिप्सीत बसल्यावर ‘वाघ दाखवाच’ असं गाईडदादांना म्हणायचं नाही.