कर देतो कोण?

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्गात मी सहज विचारले, "मुलांनो, सरकारला कर कोण देतो?" "श्रीमंत माणसे!" साऱ्या वर्गाने एका सुरात सांगून टाकले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा त्या वेळी नव्या शार्पनरने पेन्सिलीला टोक करीत होता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. त्याच जुलैत शार्पनरवरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला होता. म्हणजे दहा रुपयांच्या त्या वस्तूत दीड रुपया कराचा. मी काही बोललो नाही. पण ते उत्तर मनात सलत राहिले.

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावे लागेल, हा सरकारचाच अंदाज. पैसा हाती राहिला की कारखाने निघतील, हातांना काम मिळेल, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. २०१५ मध्ये संपत्तिकर रद्द झाला, तोही वसुली जेमतेम हजार कोटींची होती म्हणून. आणि त्याच्या जागी अतिश्रीमंतांवर अधिभार बसला. त्यात शहाणपणच होते.

हौद भरला की पाणी ओसंडते खरे. पण हौदाचा काठ उंच करणे मालकाच्या हाती असते! खाली घागर घेऊन उभी असलेली बाई मात्र आपला वाटा आधीच भरून बसलेली. तिची सारी कमाई खर्चात जाते, म्हणून खरेदीवरचा कर तिच्या साऱ्या मिळकतीला शिवतो. श्रीमंताची उरलेली मिळकत त्यातून सुटते.

मला अधिक खटकतो तो शब्दांचा अन्याय. मोठ्यांचा कर घटला की ते 'उत्तेजन'. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींना महिना दीड हजार मिळू लागले, तर ती 'रेवडी'! त्यांतली कितीतरी रक्कम दुकानाच्या वाटेने परत तिजोरीत जाते, हे कुणी मोजीत नाही. घेणारी म्हणून तिची नोंद होते. देणारी म्हणून कधीच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, शार्पनर, वह्या यांवरचा कर उठला. बरे झाले. अंगाच्या साबणावरचाही कमी झाला, पण पाच टक्के राहिलाच. सुट्टी संपली की नव्या वर्गाला तोच प्रश्न विचारणार आहे. या खेपेस टेबलावर साबणाची एक वडी ठेवीन म्हणतो.