गंज कुणाच्या वाट्याला?

वसईजवळच्या भुईगावात किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीच्या गजावरचा रंग आधी फुगतो. नखाने पापुद्रा काढला की आत तपकिरी भुगा. गज घासायचा, रेड ऑक्साइड लावायचा, वर ऑइलपेंट मारायचा. खाऱ्या वाऱ्याशी हा व्यवहार कधी संपत नाही.

वसईच्या मातीतल्या दोन धर्मपरंपरांनी गंजाची दखल घेतली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात तो ऐहिक धन साठवण्याविरुद्धचा इशारा आहे. धम्मपदात लोखंडातूनच उपजून लोखंड खाणारा गंज म्हणजे माणसाचं स्वतःचं दुष्कर्म. मग जे झिजणारच, ते जपावं का?

जपावं. मात्र जपण्याची किंमत कोण मोजतो, हे विचारावं.

कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि फिरणारं पाणी दाट होत जातं. पाइप वाचवायला त्यात गंजरोधक घालतात. क्रोमेट त्यात फार गुणकारी होतं: लोखंडावर पातळ, घट्ट थर धरायचं. मात्रा कमी पडली तर मात्र सगळा गंज उघड्या राहिलेल्या ठिपक्यावर एकवटायचा आणि टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पाइप आरपार पोखरायचा. त्याहून गंभीर म्हणजे त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक. टॉवरच्या तुषारांतून ते हवेत जायचं, सोडलेल्या पाण्यातून ओढ्यात. पाइप धडधाकट राहायचा, झीज शेजाऱ्याच्या शरीरात उतरायची. अमेरिकेने १९९० मध्ये वातानुकूलनाच्या आणि १९९४ मध्ये कारखान्यांच्या टॉवरमधून क्रोमेट हद्दपार केलं. फॉस्फेट, फॉस्फोनेट, जस्ताचे क्षार पुढे आले. तेही निरुपद्रवी नाहीत: फॉस्फेटने साचल्या पाण्यात शेवाळ माजतं, जस्त जास्त झालं तर माशांना बाधतं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त वेगळं वागतं. पत्र्यावर ओरखडा पडला तर आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं. इथे रक्षणाची किंमत बरीचशी रक्षकच मोजतो.

जपण्याचं एक जुनं उदाहरणही इथेच आहे. भुईगावपासून जवळच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. एवढ्या आवरणांत जपलं होतं काय? मातीच्या पात्राचे तुकडे. धातूंत तांबं सगळ्यांत बाहेर. सोनं सगळ्यांत आत. ते तुकडे जपताना कुणाच्या विहिरीत काही सोडावं लागलं नव्हतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीपासून वसईच्या कारखान्यांपर्यंत, टॉवरचं पाणी सोडण्यापूर्वी कुणी ते तपासतं का, हा प्रश्न म्हणूनच धर्माचाही आहे.