उपकारस्मरण

जगातील उपकार दोन प्रकारचे असतात. एक फेडता येणारा आणि दुसरा कधीही न फिटणारा. शेजाऱ्याने पेरणीला बी दिले, तर ते सुगीला परत करता येते. परंतु परमेश्वर पूर्णकाम आहे. त्याला जीवाकडून काहीच नको. मग त्याचे ऋण जीवाने कसे मानावे? त्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे स्मरणाचा.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. धान्य, धन, संतती, आरोग्य ही कर्माची फळे होत. ती देवतांच्या द्वारे मिळतात आणि भोगून सरतात. केवळ यांसाठी कृतज्ञ राहणाऱ्याची कृतज्ञता पीक बुडताच बुडते. परमेश्वराचा उपकार याहून वेगळा आहे. अनादि अविद्येत पडलेल्या जीवाच्या उद्धाराचे व्यसन घेऊन तो मायापुर स्वीकारतो, जीवांमध्ये वावरतो आणि ज्ञान निरोपितो. घरात दुःख आले म्हणून हा उपकार कमी होत नाही.

शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेले. भक्तजन श्रीप्रभूंच्या सेवेत ऋद्धिपुरी राहिले. सन्निधान अंतरले होते. तरी श्रीनागदेवाचार्य एकांती बसून स्वामींच्या लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि त्यांना विचारले, असे परंपरा सांगते. त्या प्रश्नातून लीळाचरित्र उभे राहिले. म्हणजे हा ग्रंथ विद्वत्तेच्या हौसेतून नव्हे, एका भक्ताच्या उपकारस्मरणातून जन्मला.

म्हाइंभट स्वतः मोठे शास्त्रज्ञ पंडित होते. एकेकाळी विद्येचा अभिमान घेऊन ते स्वामींपुढे आले होते. तेच पुढे ज्याने ज्याने स्वामी पाहिले, त्याच्या त्याच्या दारी विचारीत फिरले. स्वामी कोठे बसले, काय आरोगिले, कोणाला काय निरोपिले, एवढे सर्व त्यांनी शोधिले. उपकार मोघमपणे आठवला की तो विसरायला वेळ लागत नाही. स्थळ, प्रसंग व शब्द यांसह आठवला, तर तो अंतःकरणात रुजतो.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसेला मुखोद्गत असलेल्या पाठाने लीळा पुन्हा उभ्या राहिल्या, असेही परंपरा सांगते. पोथी गेली, स्मरण उरले.

म्हणून भिक्षुकाने विजनाचा काळ गप्पांत घालवू नये, आणि वासनिकाने प्रपंचाचे निमित्त सांगू नये. शेतकऱ्याला पहाट आहे, नोकरदाराला रात्रीची निवांत घटका आहे. त्या वेळी नाम घ्यावे, श्रीमूर्ती चित्ती आणावी, एखादी लीळा व तीतील चेष्टा आठवावी. मग स्वतःकडे वळून दिवस पाहावा: कोणाला दुखविले, कोणते वचन मोडले, किती वेळ व्यर्थ गेला? हे पाहताना अनुताप उपजतो. दोष ठाऊक असूनही कृपाळू परमेश्वराने जीवाची उपेक्षा केली नाही, हे त्याच क्षणी उमजते. अनुतापावाचून केलेली कृतज्ञता केवळ शिष्टाचार ठरते.

मनुष्यदेह क्षणभंगुर आहे. उद्याची पहाट कोणाच्याही हाती नाही. आजची घटका मात्र हाती आहे. ती ज्याने दिलेल्या ज्ञानाने सार्थ होते, त्याच्याच स्मरणात ती वेचावी.