रूफाच्या आईचं नाव

आजचं वचन : रोमकरांस पत्र, अध्याय 16, वचनं 1 ते 16



आभार मानण्यावर बोलायचं म्हटलं की आपण लगेच लूक 17 उघडतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, आणि तोही शोमरोनी. मीसुद्धा रविवारशाळेत कितीतरी वेळा हाच उतारा शिकवला आहे. पण गेल्या वर्षी एक प्रश्न पडला आणि तो काही केल्या जाईना. ते दहाच्या दहा बरे झाले होते. ज्यांचा पेशंट घरी आलाच नाही, त्यांनी कोणाकडे आणि कशाबद्दल परत जायचं?

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणायचो, सतरा दिवस दवाखान्यात होत्या. आधी खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया झाला. अठराव्या दिवशी पहाटे त्या प्रभूकडे गेल्या. त्यानंतर बिल, अँब्युलन्स, नातेवाइकांचे फोन, कब्रस्तानची व्यवस्था. वॉर्डमधून निघताना कोणाला धन्यवाद म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट आदल्याच रात्री सलाईन संपली म्हणून मी एका सिस्टरवर ओरडले होते. ती एकटी अख्खा वॉर्ड बघत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं, तरी ओरडले.

घरी आईंना शेवटची साडी नेसवताना त्यांची वेणी हातात आली. नीट घट्ट घातलेली, आणि टोकाला रिबन नव्हती म्हणून पांढरी गॉजची पट्टी बांधलेली. वॉर्डातल्या मावशी रोज सकाळी स्पंजिंग झालं की आईंचे केस विंचरायच्या. आम्ही कोणी सांगितलेलं नव्हतं. सतरा दिवस मी त्यांना हाका मारत होते. मावशी, बेडपॅन. मावशी, चादर. मावशी, जरा इकडे या. आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

आता आजच्या वचनाकडे येऊ. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुतेक वेळा वाचत नाही, नुसता चाळतो. नावंच नावं! पण जरा थांबून बघा. पौल तोपर्यंत रोमला गेलेला नाही. इतका मोठा, जड सिद्धांतांचा ग्रंथ लिहून झाल्यावर तो वीसहून अधिक माणसांना एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो. नुसतं नाव घेऊनही थांबत नाही, त्या माणसानं काय केलं तेही सांगतो. मरीयेनं कष्ट केले. त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस यांनीही केले. प्रिस्का आणि अक्विल्ला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. फिबीबद्दल तर तो मंडळीला कामच लावतो : हिनं पुष्कळांना मदत केली, मलाही केली, आता हिला जे लागेल ते तुम्ही करा. नुसत्या गोड शब्दांत तो तिची बोळवण करत नाही.

आणि मग तेराव्या वचनात रूफाची आई येते. ती मलाही आईसारखी आहे, असं पौल म्हणतो. पण एवढ्या सगळ्या नावांमध्ये तिचं नाव मात्र नाही. का नाही, हे मी सांगू शकत नाही. पौलाला ते नक्कीच माहीत असणार. पण मला त्या वचनावर अडखळायला होतं, कारण मी नेमकं तेच केलं होतं. नात्याची हाक मारली आणि नाव विचारलंच नाही. मावशी म्हणण्यात माया असते, मी नाही म्हणत नाही. पण त्यात सोयही असते.

खरं तर आपल्या लोकांना हे सांगावं लागू नये. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून नर्सिंग आपल्या कितीतरी कुटुंबांत आहे. माझी सख्खी आत्या आयुष्यभर नर्स होती. नाईट करून आली की पाय पाण्यात सोडून बसायची. तरीही मी त्या सिस्टरवर ओरडले.

चाळीसेक दिवसांनी मी परत गेले. काय न्यायचं हाच पहिला प्रश्न. मयत झाल्यावर पेढे कसे नेणार? शेवटी केळी, संत्री आणि घरचा चिवडा नेला. मेट्रनबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी खुर्ची दिली आणि जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगी पडेल. लोक डिस्चार्जच्या वेळी मोठा बॉक्स आणतात, तो दुपारच्या पाळीत संपतो. रात्रपाळीला रिकामा खोका दिसतो. म्हणून तीन पाळ्यांची तीन पाकिटं करा आणि प्रत्येकावर पाळी लिहा. मलईची मिठाई नको, टिकणारं काही द्या. पैसे हातात कोंबू नका. पुष्कळ ठिकाणी ते घेण्याची परवानगी नसते, आणि तुमच्या प्रेमापायी एखाद्याच्या नोकरीवर येतं. सगळ्यात उपयोगी म्हणजे एक साधं पत्र. वॉर्ड, तारीख, पाळी, माणसाचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं. 'सर्व स्टाफचे आभार' असं लिहिलेला कागद फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. नाव असेल तर तो त्या माणसापर्यंत पोचतो. सफाईच्या आणि मदतनीस बायका बहुधा ठेकेदाराकडच्या असतात. त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही.

मला त्या सोळाव्या अध्यायाचीच आठवण झाली.

त्या सिस्टर ड्यूटीवर होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो ताई, होतं असं," आणि पुढच्या बेडकडे गेल्या. त्यांना ते लक्षातही नसावं. मला मात्र सांगून बरं वाटलं, हे कबूल करते.

मावशी तिथे नव्हत्या. "कोणत्या मावशी?" असं तिघांनी विचारलं आणि मला उत्तर देता येईना. उंच, डाव्या हातावर गोंदलेलं, केस विंचरतात त्या. शेवटी वॉचमननं ओळखलं. ठेका बदलला होता, त्यांना दुसऱ्या मजल्यावर टाकलं होतं. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. नाव मात्र मिळालं. ते इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. घरी येऊन दोन पत्रं लिहिली, एक मेट्रनबाईंना आणि एक ठेकेदाराला. आठवड्यानं पुन्हा गेले.

या वेळी भेटल्या. मी त्यांच्या नावानं हाक मारली तेव्हा त्या आधी दचकल्या. वाटलं असणार, तक्रार आहे. मी आईंचं सांगितलं. खुबा, न्यूमोनिया, कोपऱ्यातला बेड. त्यांना आठवेना. मग म्हटलं, वेणीला गॉजची पट्टी बांधली होती तुम्ही.

"ती होय," त्या म्हणाल्या. "ती तर मी सगळ्यांच्याच बांधते. केस मोकळे राहिले की जटा होतात, मग घरच्यांना कापावे लागतात." आणि मग, जायला वळता वळता, "तुमच्या आईंचं नाव काय होतं?"

मी सांगितलं.

प्रार्थना : प्रभू येशू, आज रात्री जे जागे आहेत, सलाईन बदलत आहेत, फरशी पुसत आहेत, त्यांची नावं तुला ठाऊक आहेत. त्यांचे पाय दुखतात. त्यांना सकाळी घरी सुखरूप पोचव. आमेन.