घडीव की ओतीव?

माणसानं किती चांगलं व्हावं, या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण किती चांगलं झालं म्हणजे पुरे, या विषयावर निदान माझ्या वाचनात तरी काही आलेलं नाही. संतांना हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं आणि आपल्यासारख्यांवर तो पडायची पाळी येत नाही. माझ्यावर ती आली, तीसुद्धा देवळात किंवा वाचनालयात नव्हे, तर मिरजेच्या एका गॅरेजात, ऑइलनं काळ्या झालेल्या बाकड्यावर बसलेलो असताना. समोर माझ्या गाडीचं पोट उघडून ठेवलेलं होतं आणि मिस्त्री फडक्याला हात पुसत मला विचारत होते, "बोला सर, कुठलं पिस्टन टाकायचं?"

आता मी आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. पिस्टन पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, एवढंच मी फार तर सांगू शकलो असतो.

आमची गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. हिच्यासाठी मी नंबर लावून काही वर्षं थांबलो होतो. त्या काळी लग्नाला मुलगी लवकर मिळे, पण गाडी मिळत नसे. या गाड्या निघायच्या बंद झाल्या त्याला आता सुमारे पाव शतक झालं. पण मी ती विकत नाही, याला एक स्थानिक कारण आहे. आमची विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेली. इथं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं आणि इंजिनियरिंगचं कॉलेज १९४७ सालचं. पहिल्यामुळे वस्तीत बोलणारे पुष्कळ झाले आणि दुसऱ्यामुळे दुरुस्त्या सुचवणारे. या दुसऱ्या कॉलेजाला नाव आहे शेठ वालचंदांचं, आणि याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तेव्हा विश्रामबागेत राहून पद्मिनी बाळगणं हे मी गावकीचं कर्तव्य समजतो. सौभाग्यवती याला कंजूसपणा म्हणते. शब्दांच्या छटा असतात.

तर या गाडीनं गेल्या दिवाळीपासून निळसर धूर सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. या वयात सगळ्यांचंच काही ना काही सुटतं. पुढं पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पितेय की काय, अशी शंका यायला लागली. गल्लीतली मुलं "सरांचा कारखाना सुरू झाला" असं म्हणायला लागली, तेव्हा मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन उतरवलं, आतून एक पिस्टन काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याचं आयुष्य संपलं बघा. रिंगा गेल्या, बोअर खाल्लाय. रीबोअर करून जरा मोठ्या मापाचं पिस्टन टाकायला लागतील."

मी त्या पिस्टनकडे प्रथमच नीट पाहिलं. चहाच्या पेल्याएवढा जीव. पद्मिनीच्या इंजिनात असे चार असतात. सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर आणि वरून खाली जायचं अंतर ७५ मिलिमीटर. एवढ्या जागेत हा प्राणी इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असताना सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि शंभर वेळा पुन्हा निघतो. हिशेब केला तर त्याचा सरासरी वेग ताशी २७ किलोमीटर पडतो. चाळीस वर्षं असा धावूनही तो ७५ मिलिमीटरच्या पलीकडे कुठंही पोचलेला नाही. त्याच्या डोक्यावर पेटणारा वायू दोन हजार अंशांच्या घरात तापतो आणि तो स्वतः ज्या अॅल्युमिनियमचा, ते वितळतं ६६० अंशांना. मग तो जगतो कसा? तर अंगाला लागलेली उष्णता रिंगांतून शेजारच्या भिंतीला देतो, थोडी ऑइलला देतो, आणि निभावतो. माझ्या ओळखीची कित्येक कुटुंबवत्सल माणसं याच पद्धतीनं निवृत्तीपर्यंत पोचली.

हे सगळं मी रात्री चिरंजिवांना फोनवर सांगितलं. चिरंजीव पुण्याला, चाकणच्या बाजूला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. ते म्हणाले, "अण्णा, साधे ओतीव टाकू नका. फोर्ज्ड टाकू या. माप देऊन बाहेरून करून मागवतो. पैसे मी देतो."

किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. जेवढ्यात मी अख्खी गाडी घेतली होती, जवळजवळ तेवढ्यात त्यातले चार पिस्टन येत होते.

पण खरं सांगतो, किमतीपेक्षा मला त्या शब्दानं जास्त पकडलं. फोर्ज्ड म्हणजे घडीव. ओतीव म्हणजे पातळ धातू साच्यात ओतायचा, निवला की काढायचा. घडीव म्हणजे तापलेल्या घट्ट धातूवर प्रचंड दाब देऊन त्याला आकाराला आणायचं. त्यात आतली पोकळी मिटते, कण दाट बसतात, आणि तो ओतीवापेक्षा चिवट होतो. शर्यतीच्या गाड्यांत, टर्बो लावलेल्या इंजिनांत, जिथं धक्के जबरदस्त तिथं तोच लागतो. ओतीवाला फार मोठा धक्का बसला तर तो तडकतो. घडीव वाकेल, दबेल, पण सहसा एकदम तुटायचा नाही.

आता मला सांगा, मास्तराला यातलं काय आवडेल? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, यावर मी तीस वर्षं निबंध लिहून घेतले. 'साच्यातून काढलेला' ही आपल्या भाषेत शिवी आहे आणि 'घडलेला माणूस' हा मानपत्रातला शब्द. मी मनातल्या मनात घडीवाच्या बाजूनं मत देऊन टाकलं.

संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. कट्ट्यावर आम्ही सात जण. पैकी पाच निवृत्त इंजिनियर, एक बँकवाले आणि एक मी. पाच इंजिनियरांची सहा मतं पडली. बँकवाल्यांनी फक्त एवढंच विचारलं, "गाडी घेऊन जाता कुठं तुम्ही?" मी म्हटलं, "मंडई, गणपतीचं देऊळ, महिन्यातून एकदा कोल्हापूर." यावर कोणी काही बोललं नाही. पण ते गप्प बसणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना माझा निर्णय सांगितला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांचं घराणं मूळचं शिकलगारांचं. मिरजेत शिकलगार पूर्वी तलवारी-भाले करीत. लढाया संपल्या तेव्हा त्यांच्यातल्या कर्तबगार मंडळींनी सतारी-तंबोरे करायला घेतले आणि मिरजेचं नाव देशभर झालं. मिस्त्रींच्या शाखेनं सतारीऐवजी मोटारी धरल्या. म्हणजे घडीव धातूचं प्रेम या माणसाला माझ्यापेक्षा जास्त असायला हवं. पण ते म्हणाले,

"सर, घडीव वाईट असतंय असं मी म्हणत न्हाई. लई मजबूत. पण तापलं की फुगतंय जास्त. म्हणून त्याला भिंतीपासनं क्लिअरन्स जास्त ठेवायला लागतोय. ओतीवाला अर्ध्या केसाची फट पुरती, तर ह्याला अख्खा केस. मग सकाळी गार इंजिन चालू केलं की हे आपलं भिंतीवर खडखड खडखड आपटणार. तापून फुगलं की गप. तुमचं जाणं मंडईपतूर. ते तापंस्तोवर तुमची भाजी घिऊन झाली. म्हंजे जल्मभर खडखडच की!"

"आणि ओतीवाइतकीच फट ठेवली तर?"

"तर मग तापल्यावर जाम. धरून बसणार भिंतीला. सोडवायला गेलं तर दोघांची बी साल निघती."

पुढं कट्ट्यावर मला कळलं की ओतीवात सिलिकन बरंच घालतात म्हणून तो कमी फुगतो. सिलिकन घातलेला, कमी फुगणारा घडीवही मिळतो, पण तो चिवटपणात जरा उणा. म्हणजे चिवटपणा आणि जुळवून घेणं ही दोन्ही एका पिस्टनला भरपूर मिळत नाहीत. एकाचं थोडं काढून दुसऱ्यात घालावं लागतं.

मिस्त्री बोलायचे थांबले आणि मी त्या काळ्या बाकड्यावर बसून राहिलो. मला गाडी दिसत नव्हती. मला दिसत होते आमचे चिरंजीव, दहावीचा निकाल हातात घेतलेले. मार्क उत्तम होते. ते म्हणाले होते, "अण्णा, मला चित्रकलेकडे जायचंय." आणि मी घडवायला घेतलं. मी हात कधी उगारला नाही. मास्तराला त्याची गरज नसते, त्याच्याकडे व्याकरण असतं. तासभर मी बोललो. पोरगा इंजिनियर झाला, चांगला मजबूत झाला, कुठंही टाका, टिकेल असा. पण मी हिशेब चुकलो तो फटीचा. घडवला घडीव आणि भोवती जागा ठेवली ओतीवाची. व्हायचं ते झालं. नोकरी लागल्यावर दोन वर्षं तो फोन करायचा तो आईला. 'अण्णा बरे आहेत ना?' या प्रश्नाचं उत्तर ही देत असे आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेला असे. वर्तमानपत्र कधी कधी उलटं असे, असं ही सांगते. मला आठवत नाही.

आता तसं काही राहिलेलं नाही. वर्षातून दोन-तीनदा येतो. मात्र पहिल्या संध्याकाळी आमच्यात खडखड होतेच. विषय कुठलाही असो, टोलनाका असो की आमटीतलं मीठ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तापतो, मग सगळं सुरळीत चालतं. आणि तेवढ्यात त्याची परत जायची वेळ होते.

म्हणजे मजबुती हा गुण खरा, पण तो एकट्याचा गुण नव्हे. त्याची किंमत शेजारची भिंत देत असते. जिथं धक्के तसे आहेत तिथं ती द्यावी. मंडईला जायला कशाला? आणि ज्याला मी जन्मभर साच्यातला म्हणून हिणवलं, त्या ओतीवानंच चाळीस वर्षं आमचं इंजिन चालवलं होतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. ते चढायच्या आदल्या दिवशी गावभागातले माझे साडू, त्यांची आई, दोन नातवंडं आणि लोणच्याच्या चार बरण्या याच गाडीतून विश्रामबागेत आल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. तेव्हा तिच्या पोटात कोण काम करतंय, याची मी चौकशीही केली नव्हती.

एवढं पटलं तरी एक प्रश्न उरलाच, आणि तो पिस्टनपेक्षा अवघड. मुलगा आपणहून काही देतोय, ते नको म्हणायचं कसं? नको म्हणताना मी पुन्हा तासभर बोललो असतो. म्हणून मी फक्त विचारलं, "तुला घडीवच का वाटतात?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "तुम्ही दोघंच कोल्हापूरला जाता. वाटेत काही झालं तर मी लांब असतो."

तीस वर्षं मी पोरांना वाक्याचा गर्भितार्थ विचारत आलो. घरातल्या वाक्याचा विचारायचं राहून गेलं होतं.

मी मिस्त्रींना हे सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग तसं बोला की! धाकल्या साहेबास्नी पैसे द्यायचेच असतील तर ब्रेकचं काम करू या. चारी चाकांस्नी ड्रम हाय, लायनिंग पार संपलंय. गाडी पळंल किती ह्याच्यापरास थांबंल कुठं, ते बघा." चिरंजिवांना पटलं. चार नवे ओतीव पिस्टन माझ्या पैशानं बसले, ब्रेक त्याच्या पैशानं. आमच्या घरात इतका न्याय्य तह पूर्वी झालेला नाही.

नव्या पिस्टनला पहिले हजार किलोमीटर दमानं चालवायचं असतं. रिंगा आणि भिंत एकमेकींना घासून ओळख करून घेतात, तोवर गाडी पिटायची नाही. पूर्वी अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असा कागद चिकटवलेला असे. मीही चिकटवला. गेल्या महिन्यात चिरंजीव आले तेव्हा आम्ही नरसोबाच्या वाडीला निघालो. गाडी तो चालवत होता, वेग ताशी चाळीस. पहिल्या संध्याकाळची वेळ, म्हणजे आमची खडखडीची. ऊसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. मी सवयीनं तोंड उघडलं. काच बघितली. त्यावरचा कागद आतून उलटा दिसत होता.

मी म्हटलं, "जाऊ दे त्याला. आपल्याला काय घाई आहे?"

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज ऐकतोय असं वाटलं. पण इंजिन आवाज करत नव्हतं.